फरशीची उलट बाजू

एका बाजारपेठेच्या गावात एक कापडाचा व्यापारी राहत होता. त्याचं नाव नागनाथ. त्याच्या बोटांना डोळे आहेत, असं गावात म्हणत, आणि ते फारसं खोटं नव्हतं. सुती कापड कुठलं आणि भेसळीचं कुठलं, हे तो नुसता पदर चोळून सांगे. त्याचा एक नेम होता. कितीही देखणा तागा समोर उलगडला, तरी तो आधी उलटा करून बघायचा. मागचे धागे, गाठी, सुटलेली टोकं पाहिल्याशिवाय त्याच्या तोंडून हो की नाही निघत नसे. या नेमाचा त्याला अभिमान होता, जरा जास्तच होता.

नागनाथची आई भागीरथीबाई. तिला मागे अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. त्यातून ती सावरली, पण डावं पाऊल पुरतं उचलेना. ते जमिनीला घासत पुढे यायचं. तरी म्हातारी हट्टाची. तिच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत सतरा पावलं होती. रोज सकाळी ती सतरा पावलं मोजत ती जाई, पाटावर बसे आणि भाजी निवडायला घेई. एवढं झालं की आपण अजून या घरात कामाच्या आहोत, असं तिला वाटे.

एके दिवशी शहाबादी फरशीच्या वर आलेल्या सांध्यात तिचा अंगठा अडकला. ती पडली, मनगट मोडलं. डॉक्टरांनी नागनाथला बाजूला घेतलं.

"या खेपेला हातावर निभावलं. पुन्हा पडल्या तर अंथरुणातून उठायच्या नाहीत."

आईला चालायला मऊ, सपाट, उबदार जमीन करून द्यायची, असं नागनाथने त्याच दिवशी ठरवलं. फरशा उखडायला महिना गेला असता. म्हणून फरशीवर व्हायनल, म्हणजे प्लास्टिकचं तयार आच्छादन, अंथरायचं ठरलं.

तालुक्याच्या दुकानात गेला आणि तो थक्कच झाला. दुकानदाराने त्याच्यापुढे तीन तऱ्हा मांडल्या. पहिला रोल. सतरंजीसारखा गुंडाळलेला, खालून फोमचा, अख्ख्या खोलीला एकच तुकडा, त्यामुळे सांधा जवळपास नाहीच. दुसऱ्या चौकोनी टाइल्स. मागचा कागद सोलायचा आणि चिकटवायची, एखादी खराब झाली तर तेवढीच बदलायची. तिसऱ्या लांबट पट्ट्या. जाड, दणकट, एकमेकींत खटकन अडकणाऱ्या, गोंद नको की काही नको. त्यांच्यावर सागवानाच्या रेषा होत्या, गाठी होत्या, हात फिरवला तर लाकडाचा खरखरीतपणासुद्धा होता. माणसाने काय काय करून ठेवलंय, असं म्हणत नागनाथ त्या पट्टीवरून पुन्हा पुन्हा बोटं फिरवत राहिला.

मग त्याने आपला नेम पाळला. तिन्ही नमुने उलटे केले, चोळले, वाकवले, वास घेतला.

"पट्ट्या सगळ्यांत भारी. त्या आईच्या खोलीत," त्याने निकाल दिला. "टाइल्स मधल्या बोळात. आणि रोल स्वयंपाकघरात. तिथे कोण बघतंय!"

दुकानातली माणसं आली आणि एका दुपारात खोली आणि बोळ उरकून गेली. दोन्ही जागा अशा झळकल्या की शेजारीपाजारी बघायला आले. स्वयंपाकघराला मात्र त्या माणसांना सवड नव्हती. म्हणून गावातल्या कौसाबाईला बोलावलं.

कौसाबाई साठीची. तिची हयात जमिनी करण्यात गेली होती. आधी शेणामातीच्या, मग कोब्याच्या, मग फरशीच्या, आणि आता व्हायनलच्या. ती आली, स्वयंपाकघरात अनवाणी फिरली, गुडघ्यांवर बसली आणि जमिनीला गाल टेकवून उजेडाच्या बाजूला बघत राहिली. मग तिने प्लास्टिकचा हातभर तुकडा फरशीवर ठेवला, चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि पदर झटकून उठली.

"उद्या येते, शेठ."

"अहो मावशी, आणि काम?"

"हेच काम हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नागनाथला हाक मारली आणि प्लास्टिक उचललं. नागनाथ बघतच राहिला. बाहेर वैशाख तापला होता. फरशी हाताला कोरडी ठणठणीत लागत होती. आणि प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंबच थेंब साचले होते. दगडातून पाणी वर आलं होतं, कोणालाही न कळता.

"जमीन श्वास घेतीया, शेठ. वरून झाकली की कोंडती."

तिने शोध घेतला, तर मोरीचा नळ फरशीच्या खाली झिरपत होता. तो दुरुस्त करून घेतला. चूल बाहेर मांडायला लावून चार दिवस जमीन वाळू दिली. पुन्हा प्लास्टिक लावलं, पुन्हा बघितलं. मग एकेक सांधा खरवडला, सिमेंटचा बारीक लेप भरला, तो वाळल्यावर दगडाने घासला. घासायची, डोळे मिटायची, तळहात फिरवायची, पुन्हा घासायची. कोपऱ्यात पिठाचा डबा ठेवायची जागा होती, तिथेही तसंच.

नागनाथला राहवेना. "मावशी, हे सगळं झाकलंच जाणार आहे ना? कोण बघणार आहे?"

"पाऊल बघतंय की," कौसाबाई म्हणाली आणि घासत राहिली.

शेवटी रोल अंथरून कडा चिकटपट्टीने बसवल्या, तेव्हा एवढ्याशा स्वयंपाकघराला दहा दिवस झाले होते. गिऱ्हाईक दुकानात आलं की नागनाथला तो एक विषयच मिळाला. "दोन जागा एका दुपारात झाल्या हो, आणि आमच्या कौसाबाई दहा दिवस फरशीची मालिश करत होत्या!" लोक हसत. तो ते पुन्हा सांगे, दर खेपेला थोडं तिखटमीठ लावून. त्या हसण्याचं पुढे काय होतं, हे बघायला तो काही गेला नाही.

पावसाळा निम्मा सरला, आणि बोळातल्या टाइल्सचे कोपरे सुटू लागले. खालची ओल वर आली, गोंद पातळ आणि काळा होऊन कडेने बाहेर आला. आईच्या खोलीतल्या पट्ट्या पायाखाली कटकट वाजू लागल्या. शहाबादीचा एक दगड खाली दबलेला होता. त्या खळग्यावर पट्ट्यांची अडकण मोडली आणि एक पट्टी नखाएवढी वर आली.

त्या नखाएवढ्या कडेत भागीरथीबाईंचं डावं पाऊल अडकलं. नशीब, पलंगाचा दांडा हाताशी होता. त्या पडल्या नाहीत. पण दांडा काही सोडला नाही. मग पलंगावर बसल्या आणि पाय वर घेतले.

"नागू, आता मला चालायचं नाही रे."

दुसऱ्या दिवशी त्या उतरल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. भाजी निवडायला पलंगावर आणून दिली, तर तोंड भिंतीकडे केलं. नागनाथ तावातावाने तालुक्याला निघाला, त्या दुकानदाराला चार शब्द सुनावायला. पण उंबऱ्यापाशी त्याच्या मनात आलं की आधी तिसरा माल बघावा. तिन्ही वाईट निघाले तर भांडायला तेवढंच बळ.

तो स्वयंपाकघरात गेला. पिठाचा डबा सरकवला, कोपऱ्यातली चिकटपट्टी सोडवली आणि जन्मभर जे करत आला तेच केलं. रोलची कड धरून ती उलटी केली.

रोलची पाठ कोरडी होती. पण नागनाथची नजर तिथे थांबलीच नाही. ती खाली गेली. खिडकीतला सकाळचा उजेड त्या जमिनीवर आडवा पडला होता, आणि जमीन परातीतल्या स्थिर पाण्यासारखी सपाट होती. शहाबादीचे सांधे कुठे होते ते दिसत होतं, पण लागत नव्हतं. त्याने तळहात टेकवला, सरकवला, भिंतीच्या मुळापर्यंत नेला. कुठे खडा नाही, कड नाही. जिथे कधी कुणाचं पाऊल पडायचं नव्हतं, जिथे डब्याखालीही पुन्हा रोल येणार होता, तिथेही त्या बाईने मन ओतलं होतं. देवळात गेल्यावर आपोआप आवाज खाली येतो, तसा नागनाथचा श्वास हळू झाला.

तो तिथेच मांडी घालून बसला. हजारो तागे त्याने उलटे केले होते. तिन्ही नमुनेही उलटे केले होते. पण ते ज्यावर अंथरायचे, त्या जमिनीकडे त्याने एकदाही बघितलं नव्हतं. आणि जी बघत होती, तिला तो हसला होता. दुकानदाराशी भांडण करायचं काही उरलं नाही. तो उठला आणि कौसाबाईच्या घरी गेला.

कौसाबाई दारात शेंगा फोडत बसली होती.

"मावशी, माझं घर पुन्हा करायचंय. तुम्हाला सवड आहे?"

"सवडच हाय. आखाड लागल्यापासनं कुणी बलावलं न्हाई. लोक म्हनत्यात, कौसाबाई एका खोलीला दहा दिस लावती."

हे शब्द कुठल्या गल्ल्यावरून निघाले होते, हे नागनाथला लगेच कळलं. गप्प राहिला असता तर चाललं असतं. त्याचे कान लाल झाले. तो उंबऱ्यापाशी खाली बसला.

"लोक नाही, मावशी. मी म्हणत होतो. दुकानात बसून, हसत हसत. तुमचं काम माझ्यामुळे गेलं."

कौसाबाईने एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. आणि मग सूप बाजूला ठेवून विचारलं, "आक्काचं पाऊल कसं हाय?"

"पलंगावरून उतरतच नाही ती," नागनाथ म्हणाला.

कौसाबाई आली, पण तिने एक अट घातली. "रोज सांजच्याला तुमी हात फिरवून बगायचा. तुमचा हात व्हय म्हनल्याबिगर मी झाकनार न्हाई." नागनाथला वाटलं, हे तर आपलंच काम. पहिल्या संध्याकाळी त्याने डोळे मिटून हात फिरवला आणि सांगितलं, झालं, गुळगुळीत आहे. कौसाबाईने त्याचा हात धरला, वीतभर मागे नेला आणि एक बोट टेकवलं.

"हितं."

त्याला काहीच लागलं नाही. तिने ते बोट हळूच पुढेमागे केलं. मग लागलं. रव्याच्या कणाएवढं काहीतरी होतं. गावभर वाखाणलेल्या त्या बोटांना ते सापडलं नव्हतं, आणि खरवडून खरवडून घट्टे पडलेल्या त्या तळहाताला सापडलं होतं. नागनाथ त्या हाताकडे बघत राहिला. इतकं ज्ञान एवढ्याशा तळव्यात मावतं तरी कसं, असं त्याला झालं.

दबलेला दगड वर उचलला गेला. ओल जिथून शिरत होती ती फट बुजवली, शेगडी ठेवून जमीन वाळवली. प्लास्टिकचे तुकडे लागले आणि कोरडे निघाले. पट्ट्या टाकून द्याव्यात का, असं नागनाथने विचारलं, तेव्हा कौसाबाईने मान हलवली. माल वाईट नव्हता. मोडलेल्या तेवढ्या बदलल्या, बाकीच्या त्याच घातल्या. टाइल्सना नवा गोंद लागला. सगळ्याला पंधरवडा गेला. या खेपेला कोणी दुकानात विचारलं की नागनाथ म्हणे, "अजून झालं नाही. मीच मागे तिला हसलो होतो, ते चुकलं माझं. काम कसं करतात ते घरी येऊन बघा."

मग ती सकाळ आली. भागीरथीबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या आणि पाय खाली सोडत नव्हत्या. नागनाथने हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. तेव्हा कौसाबाई पुढे आली आणि जमिनीवर बसली.

"आक्का, म्या समदी जमीन हातानं चालून बगितलीया. तुमी आता पायानं चला."

म्हातारीने तिच्याकडे बघितलं. मग उजवा पाय खाली आला. मग डावा.

एक. दोन. डावं पाऊल घासत पुढे येत होतं. पाच. सहा. पट्ट्या संपल्या आणि बोळ लागला. नागनाथचा श्वास अडकला, पण पाऊल अडकलं नाही. दहा. अकरा. कौसाबाई तळहात टेकत जमिनीवरूनच मागोमाग सरकत होती, म्हातारीच्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिचे डोळे त्या घासणाऱ्या पावलावर होते. चौदा. बोळ संपला, स्वयंपाकघर लागलं. सोळा. सतरा.

भागीरथीबाई पाटावर टेकल्या. दम लागला होता. त्यांनी मागे वळून बघितलं.

"नागू, तीन तऱ्हा आणल्या म्हणाला होतास ना? मला तर सगळीकडे एकच लागली रे." आणि मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मेथी दे इकडे."

नागनाथने मेथीची जुडी आईच्या पुढ्यात ठेवली. मग तो वळला आणि गावातल्या त्या मोठ्या व्यापाऱ्याने स्वयंपाकघराच्या दारात बसलेल्या कौसाबाईला वाकून नमस्कार केला. ती संकोचून मागे सरकली. तिचे दोन्ही तळहात अजून जमिनीवर टेकलेले होते.

तात्पर्य: वरचं देखणेपण डोळ्यांना दिसतं, पण पाऊल उभं राहतं ते खालच्या, न दिसणाऱ्या कामावर. ते काम मन लावून करणाऱ्याला हसू नये, आणि हसलो असू तर ते कबूल करायला लाजू नये.