साळू आणि उरलेले दोन कंद

बालमित्रांनो, नदीपलीकडच्या रानात एक साळू राहायची. तिचं काम जरा विचित्रच होतं. रानातला एकेक कंद उकरायचा, त्याचा एकच घास खायचा आणि दोन दिवस पोटाकडे लक्ष देत बसायचं. कंद बाधला, तर पुन्हा ठणठणीत व्हायला कितीतरी महिने जायचे. मागे एका दुष्काळात भलतेच कंद खाऊन कितीतरी प्राणी मेले होते. म्हणून प्राण्यांच्या सभेने कायदाच केला होता, की प्रत्येक घराने साळूला थोडी उंबरं द्यायची. रोजचं ओळखीचं अन्न पोटात असलं, म्हणजे त्रास झाला तर तो कंदानेच झाला, हे नक्की कळायचं.

तीन वर्षं गेली. पाऊस छान पडत होता. कायदा पुढे चालवायचा का, हे ठरवायला सभा भरली. साळू म्हणाली, "अकरा कंद चाखले. अकराही खाण्याजोगे नाहीत. दोन उरलेत." कोल्हा खो खो हसला. "अगं साळूताई, तीन वर्षं आमची उंबरं खाल्लीस आणि शोध काय लावलास, तर 'खाऊ नका'? हे तर माझी आईसुद्धा सांगायची!" सगळी सभा हसली. म्हातारा गवा म्हणाला, "कायदा नको असेल त्यांनी पाय वर करा." सांबरीने सगळ्यांत आधी केला. हरिणीनेही केला, पण इकडेतिकडे बघत. कायदा मोडीत निघाला आणि साळू स्वतःचं पोट भरायच्या मागे लागली.

पुढच्याच वर्षी पाऊस आला नाही. गवत संपलं, झाडं वाळली. हरिणीचं नुकतंच चरायला लागलेलं पिलू मान टाकून पडलं. तिने मिळतील ते कंद गोळा केले आणि साळूच्या बिळापाशी धावली. "यातला कुठला देऊ गं?" साळू एकेक बाजूला सारत गेली. "हा नको, जीभ सुजते. हा नको, याने माझे पाय लुळे पडले होते." शेवटी दोनच राहिले. "आणि हे?" साळू हळूच म्हणाली, "हे मला माहीत नाही, हरिणीबाई. हेच उरले होते." हरिणीने मान खाली घातली. "मग आता चाख ना!" "चाखते. पण मी चार दिवसांची उपाशी आहे. पोटात कळ आली, तर ती कंदाची की भुकेची, कसं सांगू?"

कोल्हा मागे उभा होता. तो गेला आणि कपारीत लपवलेली मूठभर सुकी उंबरं घेऊन आला. साळूने ती खाल्ली, मग लाल सालीच्या कंदाचा एक घास घेतला. आता दोन दिवस थांबायचं होतं. घाबरू नका, दुसऱ्या दिवशी सूर्य कलताना साळू काटे झटकून उठली आणि म्हणाली, "हा चालेल." हरिणीचं पिलू वाचलं. सांबरीचं पिलू मात्र तेवढे दोन दिवस तगलं नाही.

पाऊस परतल्यावर कायदा पुन्हा झाला. या वेळी त्यात एक ओळ सांबरीने घालायला लावली : "ज्या वर्षी रान हिरवं असेल, त्या वर्षी हा कायदा मोडीत काढायला कुणी पाय वर करायचा नाही."

तात्पर्य : ज्ञान शोधणाऱ्याला सुकाळातच सांभाळावं, संकट आल्यावर उंबरं देता येतात, गेलेले दिवस देता येत नाहीत.