तुळईपलीकडचा पडदा

छतावरची मंडळीही आपसांत भांडायची, तेव्हाची ही गोष्ट. एका नाट्यगृहाच्या छताला जाडजूड सागवानी तुळई होती. तिच्या अगदी शेजारी, आग लागताच पाणी उडवणारी नवी पितळी तोटी बसवली होती.

"तुळईआजी, पलीकडचा पडदा पेटला तर मी नुसती तुम्हालाच आंघोळ घालीन," तोटी म्हणाली. "तिकडे माझी एक बहीण बसवू द्या."

"म्हणजे मला आणखी भोकं पाडणार? साठ वर्षं छत पेललंय मी. काल आलीस आणि मलाच अडथळा म्हणतेस?"

"पेललंत, मान्य. पण पाणी कुणाचं वय बघून वळत नाही."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री तोटीच्या बहिणीला घेऊन वर चढला. तुळई अशी करकरली, की तो घाबरून खाली उतरला.

पुढच्याच रविवारी बालनाट्य रंगात आलं असताना पडदा पेटला. माणसं मुलांना उचलून दाराकडे धावली. तोटी जीव खाऊन पाणी फेकत होती आणि ते तुळईवर आपटून मागे पडत होतं. पलीकडून ज्वाळा चढत तुळईला भिडल्या.

"अगं, पाणी कुठाय?" तुळई किंचाळली.

"सगळं तुमच्याच अंगावर आहे, आजी," तोटी म्हणाली. "या बाजूला."