थोरवतांच्या गाडीची टाकी

कृष्णाकाठी, साखर कारखान्याच्या गावात, इलाही नावाचा एक मिस्त्री राहत होता. त्याच्या हाताला गुण होता. तालुक्यात कुठेही गाडी अडली की लोक आधी त्याचे नाव घेत, मग देवाचे. हा क्रम इलाहीला ठाऊक होता आणि आवडतही होता.

त्याच गावात शिवतेज थोरवत नावाचा बागायतदार होता. त्याच्याकडे आठ वर्षांची एक लाल, वेगवान गाडी होती. तिला सुपरचार्जर होता, म्हणजे इंजिनात जबरदस्तीने जास्त हवा कोंबणारे यंत्र. गाडीत जोर भरपूर होता. गावच्या खड्ड्यांत तो दाखवायला जागा नव्हती आणि मालकाला तर तो दाखवायचाच होता.

एके दिवशी शिवतेज इलाहीकडे आला. "मिस्त्री, ही गाडी पेट्रोलवरनं इथेनॉलवर आणायची. इंधन आपल्या उसाचं, आपल्याच कारखान्याचं. औंदा पहिली मोळी माझ्या गाडीच्या टपावरनं जाणार."

गळिताच्या पहिल्या दिवशी उसाच्या मोळीची पूजा करून ती गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढून नेणाऱ्या पट्ट्यावर, टाकतात, मग कारखाना सुरू होतो. आजवर ती मोळी बैलगाडीतून येत असे. बैलांची याबद्दल काही तक्रार नव्हती.

इलाहीने काम घेतले. इथेनॉल पेट्रोलपेक्षा जास्त लागते, म्हणून त्याने मोठा पंप आणि इंधन फवारणारे मोठे इंजेक्टर बसवले. इथेनॉलने खराब होणारे रबरी पाइप काढून दुसरे घातले. लॅपटॉप जोडून हवा आणि इंधनाचे प्रमाण नव्याने जुळवले. राहिली टाकी.

"टाकी उतरवून धुवाय लागंल," इलाही म्हणाला. "इथेनॉल जुना मळ सुटा करतंय. दोन दिवस द्या."

"माझ्या गाडीत मळ?" शिवतेज हसला. "पूजन परवावर आलंय, मिस्त्री. टाकी नंतर बघू."

दुसऱ्या दिवशी इलाहीने पुन्हा सांगितले. पुन्हा तेच उत्तर मिळाले. गाडी अडवून धरणे त्याच्या हातात होते. पण पूजनाला सगळा तालुका जमणार होता, आणि आपण तयार केलेली गाडी सगळ्यांपुढे चालावी असे त्यालाही वाटत होते. त्याने तिसऱ्यांदा सांगितले नाही. गाडीत इथेनॉल भरले गेले.

पूजनाच्या सकाळी गाडी मोळी घेऊन निघाली. मागे ट्रॅक्टर, त्यांच्या मागे बैलगाड्या. हलगी वाजत होती. कारखान्याच्या फाटकाशी चढ आहे. तिथे गाडीला ठसका लागला, दोन आचके बसले आणि ती बंद पडली. मागची रांग जागच्या जागी थांबली. लोकांनी गाडी ढकलून कडेला लावली. ढकलताना काही जण हसत होते.

इलाहीने इंधनाची गाळणी काढून कापली. आत काळा, चिकट गाळ भरला होता.

"बघा," शिवतेज कारखान्याच्या अध्यक्षांना मोठ्याने म्हणाला. त्याचे तोंड गाडीपेक्षा लाल झाले होते. "असलं घाण इथेनॉल काढताय व्हय? पेट्रोलवर आठ वर्षं गाडी अडली नव्हती."

अध्यक्षांनी इथेनॉल तयार करणाऱ्या डिस्टिलरीच्या केमिस्टला बोलावले. ती वैजयंता नावाची तरुण बाई होती. या हंगामापुरती नेमलेली, गावात नवखी. तिने त्याच साठ्यातले इथेनॉल काचेच्या बाटलीत भरून आणले. ते पाण्यासारखे नितळ होते.

"दाखवायला चांगलंच आणणार की," गर्दीतून कुणीतरी म्हणाले. अध्यक्षांनाही ते पटल्यासारखे दिसले. हंगामाच्या पहिल्याच दिवशी कारखान्याची शोभा झाली होती आणि त्यांना कुणाला तरी घरी पाठवायचे होते.

ते इलाहीकडे वळले. "मिस्त्री, तुमचा शब्द आम्ही मानतो. इंधन खराब आहे का? हो म्हणा, मॅडमना आजच मोकळं करतो."

वैजयंताने बाटली इलाहीपुढे धरली.

इलाहीला फक्त मान हलवायची होती. त्याचे नाव शाबूत राहिले असते, गिऱ्हाईकही खूश झाले असते. त्याने गाळणी हातात धरून पाहिली. त्याला फार लाज वाटली.

"साहेब, इंधन चोख हाय," तो म्हणाला. "ह्यो गाळ टाकीतला, आठ वर्षांचा. पेट्रोलमदी त्यो तळाला गप बसला हुता. इथेनॉलनं त्यो सोडवला, येवडाच त्याचा गुन्हा. टाकी धुवायची हुती. ती मी न धुताच गाडी सोडली. चूक माजी हाय. बाईंची न्हाई."

शिवतेजला आता गप्प राहता आले असते. दोष दुसऱ्याने घेतला होता, त्याच्याकडे कुणी पाहतही नव्हते.

पण तो पुढे आला. "मिस्त्रींनी दोनदा सांगितलं होतं. मीच नको म्हणालो. मॅडम, मला माफ करा."

अध्यक्षांना घरी पाठवायला कुणी उरले नाही. त्यांनी नारळ फोडला. मोळी बैलगाडीतून गव्हाणीशी गेली आणि कारखाना सुरू झाला. वैजयंता आपल्या कामावर परत गेली.

पुढचा महिनाभर इलाहीकडे गाड्या कमी आल्या. आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगणारा मिस्त्री लोकांनी पाहिला नव्हता. त्यांना जरा भीतीच वाटली. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आले की हा माणूस बिघडलेले बिघडले म्हणूनच सांगतो. त्यानंतर त्याच्या दारात गाड्या उभ्या करायला जागा उरली नाही.

तात्पर्य: जुना मळ वर आला की तो आपला म्हणावा आणि धुऊन टाकावा. तो बाहेर काढणाऱ्यावर ढकलला, तर निर्दोष माणूस बळी जातो आणि मळ आतच राहतो.