दौलूनं तेल हलू दिलं नाही

एका गावात एक भोळा मेव्हणा होता. मेव्हणे सहसा भोळे नसतात, पण हा होता. नाव दौलू. त्याचे दाजी बापूसो मिस्त्री शर्यतीच्या मोटारी तयार करायचे. त्यांच्या गॅरेजात दौलू कामाला होता. म्हणजे काय, बहिणीनं ठेवून घ्यायला लावला होता.

दौलूला लग्न करायचं होतं. मुलगीही बघून ठेवली होती, पलीकडच्या वाडीतल्या यसबांची गोकुळा. गोकुळाला दौलू पसंत होता. यसबांना नव्हता. ते म्हणाले, "रविवारच्या शर्यतीत बापूसोंची गाडी पहिली आली आणि हा त्या गाडीत बसलेला असला, तर पोरगी दिली. नाहीतर दुसरं स्थळ तयार आहे."

झालं! दौलूचा सगळा संसार आता त्या गाडीवर आला.

गुरुवारी बापूसोंनी इंजिन खोललं आणि दौलूला जवळ बोलावलं.

"हे बघ, हा क्रँक. मिनिटाला सहा-सात हजार गिरक्या घेतो. खाली हे तेल. क्रँक तेलात बुडाला की तेल घुसळून निघतं, त्याला फेस येतो आणि ताकद तिथंच खलास. म्हणून दोघांच्या मध्ये ही जाळीची ताटली बसवायची. क्रँक वर, तेल खाली. कळलं?"

"कळलं, दाजी. मध्ये जाळी."

घरी गेला तर हौसाक्का, त्याची बहीण, वडे तळत होती. ती म्हणाली, "दौलू, मी पाणी घेऊन येते. एवढे वडे तळ."

दौलूनं कढईत वाकून बघितलं. पहिल्या वड्याभोवती फेस! त्यानं घाईघाईनं तो वडा बाहेर काढला, कढईवर गव्हाची चाळण ठेवली, चाळणीत सगळे वडे मांडले आणि हाताची घडी घालून बसला.

आक्का आली. "हे काय रं?"

"जाळी. वडे वर, तेल खाली."

"अरं, वडा वर ठेवून तळतात व्हय! बुडव की मेल्या! तेलात बुडवल्याबिगर काय चांगलं होत नाही, एवढं ध्यानात ठेव."

दौलूनं ध्यानात ठेवलं. हीच तर त्याची खोड.

शुक्रवारी बापूसोंनी शहरातून नवी क्लच प्लेट आणली. "दौलू, हिला जिवापाड सांभाळ," म्हणाले आणि चहाला गेले. परत येऊन बघतात तर प्लेट तेलाच्या बादलीत. शेजारी दौलू, हसतमुख.

"दाजी, चांगली व्हावी म्हणून बुडवली. रात्रभर ठेवू?"

बापूसोंनी कपाळावर हात मारला. "अरे, क्लच म्हणजे पकड! पैलवानाच्या तळहाताला तेल चोपडल्यावर कुस्ती होईल का रे? जिथं पकड लागते तिथलं तेल पुसायचं. चिंधीनं पुसायचं, परत पुसायचं, टिपूस ठेवायचा नाही!"

प्लेट दुसरी आणावी लागली. आक्का मध्ये पडली म्हणून दौलू वाचला.

शनिवारी आक्कानं त्याला तेलाची वाटी देऊन मारुतीच्या देवळात धाडलं. "देवाला तेल घाल आणि गाडी पहिली येऊ दे म्हण."

दौलूनं तेल घातलं. गाडी पहिली येऊ दे म्हणाला. मग खिशातली चिंधी काढली आणि मारुतीला पुसायला लागला. पुसला, परत पुसला. तेवढ्यात सोपाना गुरव आले.

"अरं अरं! देवाचं तेल पुसतोस?"

"काका, देवाच्या हातात गदा आहे. पकड नको?"

पळभर गुरवांनाही पटलं. मग ते भानावर आले आणि भडकले. "येड्या! एकदा घातलेलं तेल जागचं हलवू नये. पाप लागतं, पाप!"

दौलूचा चेहरा एवढासा झाला. तेल पुसण्यात पाप असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं तिथंच कान धरले, देवाच्या पायावर डोकं ठेवलं आणि शपथ घेतली की मरेपर्यंत घातलेलं तेल जागचं हलू देणार नाही.

रविवार उजाडला. शर्यत होती माळावरच्या कच्च्या रस्त्यावर. या शर्यतीत एक गाडी चालवतो आणि शेजारचा वहीत बघून पुढचा रस्ता ओरडून सांगतो. बापूसोंचा नेहमीचा सांगणारा तापानं फणफणला होता. गाडीत दौलूला बसवायचंच होतं, मग वहीही त्याच्याच मांडीवर आली.

"धुळीत मला पुढचं काय दिसणार नाही," बापूसो म्हणाले. "तू डावं म्हणालास की मी डावं घालणार, उजवं म्हणालास की उजवं. डोळे झाकून."

"आणि इंजिनातलं तेल, दाजी?"

बापूसोंना बरं वाटलं. पोरगं शिकतंय म्हणाले. "तेल हिंदकळू नये म्हणून तळाला आडव्या पट्ट्या घातल्यात मी. पण जोरात वळलं की तेल थोडं एका बाजूला पळणारच."

"जागचं हलणार?"

"हलणार की!"

दौलूनं दोन्ही कान धरले. तेवढ्यात झेंडा पडला.

गाडी काय सुटली म्हणता! सरळ रस्त्यावर एकेकाला मागं टाकत निघाली. पुढं एकच गाडी उरली, तिचीच धूळ. दौलूनं वहीत बघितलं. लिहिलं होतं, 'ओढा. डावं.'

एकीकडं गोकुळा, एकीकडं पाप. दौलूनं डोळे मिटले आणि ओरडला, "सरळ!"

"सरळ?"

"एकदम सरळ, दाजी!"

गाडी सरळ गेली. रस्ता डावीकडं वळला, गाडी नाही. कोरडा ओढा ओलांडला, उसात शिरली, उसाच्या पलीकडून निघाली आणि एका वैरणीच्या गंजीत तोंड खुपसून थांबली. गंजी होती यसबांची. यसबा शेवटच्या रेषेपाशी हार घेऊन उभे होते. घरी एकटी गोकुळा.

बापूसो उतरले, जमिनीवर बसले आणि डोकं धरलं.

"तुम्ही? हितं?" गोकुळा अंगणात आली. दौलूनं तिला सगळं सांगितलं. जाळी, वडे, क्लच, गदा, पाप, सगळं. गोकुळा हसून हसून अंगणातच खाली बसली. डोळे पुसत म्हणाली, "बाबांना मी बघते. बाकीच्या गाड्या नुसत्या रेषेवर गेल्या. मागणी घालायला दारापर्यंत ही एकच आली."

"खरंच?"

"खरंच. पण बाबा यायच्या आत गाडी तेवढी काढा. रस्ता घरामागं आहे. वळसा घातला की झालं."

दौलू आनंदानं उडी मारून दाजींच्या जागेवर बसला. गाडी मागं घेतली, सरळ मागं, तशी गंजी ढासळून पसरली. मग थांबला. वळसा घालायचा म्हणजे तेल हलणार. त्यानं समोर बघितलं. घराचं पुढचं दार उघडं होतं. मागचंही उघडं होतं. त्यातून पलीकडचा रस्ता स्वच्छ दिसत होता, आणि रस्त्यावरून हार हातात घेऊन तावातावानं येणारे यसबाही दिसत होते.

"दौल्याऽऽ!" बापूसो ओरडले.

गाडी पुढच्या दारानं आत गेली आणि मागच्या दारानं बाहेर आली. दोन्ही दारं चौकटीसकट बरोबर घेऊन आली. यसबांपासून हातभर अंतरावर थांबली. मागं, जिथं घर होतं, तिथं आता धूळ होती.

दौलू खाली उतरला. यसबांच्या पाया पडला. बॉनेट उघडून तेल मोजायची कांडी ओढली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

"मामा, मुहूर्त काढा आता. घर हललं, पण तेल थेंबभर हललं नाही!"