तीनशे वर्षांच्या वेलीची काडी

एका द्राक्षांच्या गावात एक भोळा पुतण्या होता. नाव पुंजाराम. सांगितलं तेवढं करायचा आणि सांगितलेलं विसरायचा नाही. छाटणीत मात्र साऱ्या तालुक्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्याचे चुलते दौलततात्या. फ्रान्समधल्या एका जुन्या गावात तीनशे वर्षांची द्राक्षवेल होती. तिची एक काडी आणून तात्यांना आपल्या बागेत लावायची होती. गावात स्वागताचा फ्लेक्स आधीच लागला होता. त्यावर फोटो तात्यांचा होता.

कापायला पुंजा, भाषेला तात्यांची कॉलेजात फ्रेंच शिकलेली लेक शलाका आणि स्वतः तात्या, अशी तिघं हिवाळ्यात निघाली.

फ्रान्समध्ये वाटेत टेकडीवर एक दगडी गाव लागलं. तिथल्या चर्चमध्ये लोक डोळे मिटून बसले होते. पुंजा आत शिरला, वर बघितलं आणि ओरडला, "तात्या, इथं कांदा काय मस्त टिकेल!"

तात्यांनी त्याला बाहेर ओढलं. "पुंज्या, जुन्या जागेत टोपी काढायची, मान खाली घालायची, तोंड उघडायचं नाही."

"का?" शलाकानं विचारलं. "ते पण सांगा ना त्याला."

"का कशाला? मोठ्यांनी सांगितलं की करायचं."

"बरं तात्या," पुंजा म्हणाला.

दुसऱ्या गावात वाइनचं चारशे वर्षांचं तळघर होतं. मालकानं पुंजाच्या हातात पेला दिला. जागा जुनी होती. पुंजानं टोपी काढली, मान खाली घातली, तोंड उघडलं नाही. मालक पाच मिनिटं वाट बघत उभा राहिला. मग त्यानं पेला काढून घेतला आणि दिवा घालवला.

"गाढवा!" तात्या म्हणाले. "असं करतात? आधी हुंगायचं, घोट तोंडात घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा. इकडची रीत आहे."

"वाइनपुरतीच आहे, असं सांगा," शलाका म्हणाली.

"तेवढं कळतं त्याला. तू मध्ये बोलू नकोस."

"बरं तात्या," पुंजा म्हणाला.

तिसरं गाव वेलीचं. तिथल्या सरपंचबाई सत्तरीच्या. त्यांच्या सहीचा कागद असल्याशिवाय काडी गावाबाहेर जात नसे. बाईंनी तिघांना जेवायला बसवलं आणि स्वतः केलेलं कांद्याचं सूप वाढलं. पुंजानं हुंगलं. घोळवलं. शेकोटीपाशी कोळशाची बादली होती. तिच्यात थुंकला.

बाईंचा चेहरा पडला. शलाकानं दहा वेळा माफी मागितली, तेव्हा कुठं त्या कागद आणायला उठल्या.

तात्यांनी पुंजाचा कान धरला. "कोणी प्रेमानं दिलं की नुसतं चाखून सोडायचं नाही. सगळं संपवायचं. मागे काही ठेवायचं नाही. वर 'छान होतं, अजून आहे का?' असं विचारायचं. समोरच्याला बरं वाटतं."

"बरं तात्या."

बाई कागद घेऊन आल्या. खिडकीतून त्यांनी वेल दाखवली. चौकातली अख्खी भिंत तिनं व्यापली होती.

"पुंज्या, बाईंनी काडी दिलीय. घे जा कापून."

"तात्या, किती घ्यायची ते तरी सांगा," शलाका म्हणाली.

"दिलेलं कसं घ्यायचं ते आत्ताच शिकवलंय मी त्याला!"

मग तात्या बाईंना आपल्या बागेविषयी सांगत बसले. शलाकाला भाषांतर करावं लागलं. तात्यांचं सांगून होईपर्यंत दिवस कलला. बाई म्हणाल्या, सही वेलीसमोरच करू. पेन उघडून त्या बाहेर आल्या.

भिंत होती.

फांद्या चोवीस मोळ्यांत नीट बांधलेल्या होत्या. खोड कात्रीला दाद देईना, म्हणून पुंजानं शेजाऱ्याची करवत मागून आणली होती. शेजाऱ्यानं ती हसत दिली होती. मुळंही निघाली होती. खड्डा बुजवून वर झाडूनसुद्धा घेतलं होतं.

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

तात्यांनी टोपी काढली, मान खाली घातली, तोंड उघडलं नाही.

पुंजानं थोडा वेळ वाट बघितली. तात्या काही विचारेनात. मग तोच बाईंपुढे गेला आणि हात जोडून म्हणाला,

"शलाका, बाईंना सांग, फार छान होती. अजून आहे का?"