पावणाईचा हिरवा खांब

चांदखोलच्या पावणाईच्या देवळात डाव्या हाताचा खांब हिरवा आहे, मोरपिसाच्या डोळ्याच्या कडेला असतो तसा. त्याला कुणी रंग दिलेला नाही. तो रंग लाकडाच्या आतून आला, असं जुनी माणसं सांगतात.

धाकू सुतार जेवायला बसला, तेव्हा त्याच्या बायकोला, येसूला, त्याच्या नखांत हिरवा भुसा दिसला.

“कसला हो हा?”

धाकू ताटावरून उठला. त्यानं हात पुन्हा धुतले. तांब्याला असाच हिरवा कळंक चढतो, हे येसूला ठाऊक होतं. देवीची तांब्याची घागर नुकतीच नाहीशी झाली होती.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. देवीचा कौल घेऊन तिच्या राईतलं पडलेलं झाड खांबासाठी सुताराकडे दिलं होतं, ते आतून हिरवंगार निघालं. “तांब्याचा कळंक हा,” गुरव म्हणाला. “यानंच घागर झाडाच्या ढोलीत लपवली, न् ओंडक्यासकट घरी नेली!” उद्या दिवस मावळायच्या आत सुतारानं गाव सोडावं, असं ठरलं. येसूलाही, म्हणे, नवऱ्याची शंका आलीच.

पण तांबं तिनं जन्मभर घासलं होतं. कळंक चिंचेनं निघतो. दुसऱ्या दिवशी कनवटीला चिंच लावून ती एकटीच राईत शिरली. पाचोळा वाजला तरी दचकत होती, तरी कुजक्या फांद्या उलटत राहिली. एकीच्या शेवाळाखाली अळंबीच्या जातीच्या, मसुरीएवढ्या हिरव्या वाट्या उगवल्या होत्या. फांदी मोडली, तर आत तोच रंग! चिंच चोळून चोळून बोटं आंबली, पण रंग हलला नाही. इथं घागर कुठली, न् माणूस तरी कुठला!

पण कौलाशिवाय राईतली काडी बाहेर नेली तरी चोरी. गावानंच इथं यायला हवं होतं.

“अहो, कुणीतरी या! चिंच लावून बघितली, रंग निघत नाही!”

खाली गावात दारं लागली. राईतून बाईचा आवाज आला की तो चकवा, वाट चुकवणारं भूत; त्याला ओ द्यायची नसते. तिनं आपलं नाव सांगितलं. चकवाही नाव सांगतो, लोक म्हणाले. दिवस कलला.

आजही चांदखोलात राईतून हाक आली की कुणाची ते न विचारता आधी ओ देतात, आणि पहिली ओ गुरवाच्या घरातून जाते. कारण त्या दिवशी येसूचा घसा बसत आला, तेव्हा गुरवीण नवऱ्याला म्हणाली, “चकव्याला चिंच कशाला लागते हो?” आणि परसात येऊन तिनं आवाज दिला,

“ओऽऽ! आले गं येसू! पण चिंच माझ्या घरची लावून बघीन हो!”