भोंगा वाजला तेव्हा चेंडू हवेत होता

वस्तूंना गप्प बसायला अजून कुणी शिकवलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. एका गावच्या बास्केटबॉलच्या मैदानावर एक घड्याळ होतं. ते उलटं चालायचं, दहा मिनिटांपासून शून्याकडे. शिट्टी वाजली की थांबायचं, खेळ सुरू झाला की पुन्हा निघायचं. शून्य आलं की भोंगा वाजवायचं, आणि मग त्याच्या मते जगच संपायचं.

त्या संध्याकाळी गावचा संघ एका गुणाने मागे होता. शेवटचा सेकंद उरला असताना सुमेधाने चेंडू बास्केटकडे फेकला. तो वर चढत होता, तेवढ्यात भोंगा वाजला.

"खाली पड," घड्याळ म्हणालं. "वेळ संपली."

चेंडू दचकला. खाली सगळे श्वास रोखून उभे होते, वर आभाळ केशरी झालं होतं. कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या त्या क्षणात तो सावरीच्या कापसासारखा तरंगत राहिला.

"शिट्टीमावशी, आता मी कुठे जाऊ?" त्याने विचारलं.

पंचांच्या गळ्यातली म्हातारी शिट्टी हसली. "तू सुमेधाच्या हातातून सुटलास, तेव्हा भोंगा वाजला होता का रे?"

"नाही."

"मग जा सावकाश. हातातून कधी सुटलास ते आम्ही बघतो, पोचलास कधी ते नाही."

चेंडू जाळीतून अलगद उतरला. पंचांनी दोन गुण दिले.

घड्याळ शून्यावरच उभं होतं. "माझ्यानंतरही काही असतं, हे मला कुणी सांगितलंच नाही," ते पुटपुटलं.

"तू कायम स्वतःचेच आकडे बघत बसलंस," शिट्टी म्हणाली. "मान वर करून कधी पाहिलंस?"